शिवणीच्या रानाची तोडणी

फार पूर्वीची गोष्ट आहे. नेमकी कधीची ते मला विचारू नका. माळावरच्या एका गावात सगळी घरं कुंभारांची होती, तेव्हाची. घरोघरी चाक फिरायचं, अंगणात मडकी आणि कौलं वाळत पडलेली असायची, आणि गावाबाहेर मडकी भाजायच्या आव्यांचा धूर निघायचा. माती हवी तेवढी होती, हातात कसब होतं. अडायचं ते लाकडावाचून.

आसपासचं जुनं जंगल वाडवडिलांनीच आव्यात घालून संपवत आणलं होतं; उरलंसुरलं लाकूड माळाखालून गाड्यांनी वर यायचं. मग गावाला उशिरा का होईना शहाणपण सुचलं. माळाखालच्या खोलगट जमिनीत त्यांनी शिवणीची झाडं लावली. शिवण भराभर वाढते. चार पावसाळ्यांत मांडीएवढी जाड होते, आणि नीट तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. ही झाडं लावायचं आणि जगवायचं काम गावानं हौसाबाई नावाच्या एका बाईवर सोपवलं.

मला ही हौसाबाई आवडते, हे आधीच सांगून टाकतो. एकटी बाई. तीन शेळ्या आणि एक झोपडं एवढाच तिचा पसारा. पण पहिली दोन वर्षं तिनं ओढ्यातून घागरीनं पाणी आणून रोपांना घातलं, वाळवी दिसली की बुडाशी राख टाकली, वाऱ्यानं वाकलेल्या रोपाला काठीचा टेकू दिला. झाडाला हात लावून ती सांगायची, हे श्रावणातलं, हे पोळ्यानंतरचं. तिला मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते हे रान होतं.

झाडं तोडण्याजोगी झाली आणि तिथंच घोळ झाला.

लाकूड आणायची गावाची एक रीत होती. झाड पाडलं की जागेवरच फांद्या आणि पाला साफ करायचा आणि दिवस मावळायच्या आत ओंडके गावात आणायचे. तोडलेलं लाकूड रानात पडून राहिलं तर गाडीवानाची अब्रू गेली म्हणून समजा. शिवाय ज्याची गाडी जड त्याचं कौतुक. रानातून माळावर यायला एकच वाट, आणि ती अंगावर येणारी चढण. त्या चढणीला बैलांनी गुडघे टेकले, जू करकरलं, की पारावर बसलेली मंडळी मान डोलवून म्हणायची, "ह्याला म्हनायचं गाडी!" बसून कौतुक करणाऱ्यांना ओझं कधी जड लागत नाही.

गावातल्या सगळ्या गाड्या एकाच गाडीवानाच्या होत्या. बारा गाड्या, चोवीस बैल. माणूस दांडगा, आवाज मोठा, पण मनानं वाईट नव्हता. बैलांवर त्याचा जीव होता.

रानाचे सारख्या आकाराचे पट्टे पाडलेले होते. एकेका पट्ट्यात एकशेवीस झाडं. गाडीवानानं रीतीप्रमाणं पहिला पट्टा तोडला. एका आव्यापुरतं लाकूड वर आणायला बाराच्या बारा गाड्या लागल्या. गाडीमागं एक पायली ज्वारी मजुरी, म्हणजे बारा पायल्या. आवा पेटवला तर तो धडपणे पेटेना. ओंडक्यांच्या टोकांतून फेस यायचा आणि गावभर धूर. मडकी निघाली ती निम्मी कच्ची. बाजारात ती विकून जेमतेम दहा पायल्या ज्वारी हाती आली. बारा घालून दहा मिळवायच्या, असला धंदा कुणाला परवडणार?

पारावर बैठक बसली. पाटील वैतागले होते.

"लई हौस झाली झाडांची," ते म्हणाले. "शिवनीला आगच धरत न्हाई. त्यापरीस रान मुळासकट उपटू आन् जागा पल्याडच्या खानवाल्याला दगड काढाया दिऊ. त्यो कवापास्नं मागतोय."

माना हलल्या. सगळ्यांच्या मागे हौसाबाई उभी होती. चार वर्षांत ती पारावर कधी एक शब्द बोलली नव्हती. ती पुढे आली.

"पाटीलबाबा, झाडांचं काय चुकलं?"

"हौसाक्का, झाडांना कोन नावं ठेवतंय? लाकूड वर आनाया परवडत न्हाई, त्याला कोन काय करनार?"

"आनाया परवडत न्हाई, म्हंजी खोट आनन्यात हाय. पुढला पट्टा मला तोडू द्या. ह्या पुनवंपास्नं म्होरल्या पुनवंपातूर. एका आव्याचं लाकूड मी कमी गाड्यांत वर आनते."

गाडीवान मोठ्यानं हसला. "कमी गाड्यांत? बाकीचं काय पदरात बांधून आननार व्हय, अक्का?"

"गाड्या तुझ्याच घीन, दादा. मजुरीबी तीच, गाडीला पायली. पर मी सांगंन त्या दिशी यायचं. आदी न्हाई."

पाटलांनी तिच्याकडे पाहिलं. "आन् न्हाई जमलं तर?"

हौसाबाईनं क्षणभर खालच्या रानाकडे पाहिलं. "न्हाई जमलं तर मुळांवर पहिली कुदळ मी घालते," ती म्हणाली.

एवढं ऐकल्यावर कुणाला नाही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या तिघी बायकांना घेऊन रानात उतरली. तिची तोडणी बघण्यासारखी होती. कुऱ्हाड जमिनीपासून वीतभर वर पडायची आणि घाव तिरपा असायचा, म्हणजे बुंध्यावर पाणी साचत नाही. साल फाटू द्यायची नाही. दर दहा झाडांनी थांबून कुऱ्हाडीला धार लावायची. बायका म्हणाल्या, "अक्का, धार लावन्यातच दिस जायचा की!" पण चौथ्या दिवशी दुपारी पट्टा तोडून झाला, तेव्हा कुणाच्या हाताला फोड नव्हता. गाडीवानाच्या आठ गड्यांना तेवढ्याच झाडांना सहा दिवस लागले होते.

आणि मग हौसाबाईनं काय केलं? काहीच नाही. एका झाडाची फांदी छाटली नाही, पाला काढला नाही. एकशेवीस झाडं पानांसकट जशी पडली तशी पडू दिली आणि बायकांना म्हणाली, "जावा घरी. आता काम पानांचं."

गावाला तेवढंच हवं होतं. माणसं चढणीच्या कडेला येऊन खाली बघायची आणि हसायची. कुणी म्हणालं, बाईनं झाडं झोपवली, आता अंगाई म्हणेल. कुणी म्हणालं, गावाची अब्रूच उताणी पडलीय. हौसाबाईला मात्र उत्तर द्यायला वेळ नव्हता. पाला खायला गावच्या शेळ्या धावून यायच्या, त्यांना दिवसभर हाकलावं लागायचं. त्यातही सगळ्यांत हावरट तिच्याच तीन शेळ्या. शेवटी तिनं त्यांना झोपड्यापाशी बांधून घातलं, तर त्या इतक्या ओरडल्या, की ऐकणाऱ्याला वाटावं बाईनं त्यांना उपाशीच ठेवलंय. तिनं लांबच्या बांधावरचं गवत आणून घातलं, तेही त्यांनी नाक मुरडत खाल्लं.

त्या झाडांतलं एक बारीकसं झाड निवडून तिनं त्याच्या बुडाला लाल चिंधी बांधली होती. रोज सकाळी ती ते झाड पाल्यासकट दोन्ही हातांनी उचलून बघायची. पहिल्या दिवशी ते गुडघ्याच्या वर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती ते खाली ठेवायची आणि शेळ्या हाकलायला जायची.

एक म्हातारा कुंभार तिच्यावर माया करायचा. तो एके दिवशी काठी टेकत खाली उतरला.

"पोरी, मला तरी सांग. हे काय मांडलंयस?"

"आजा, सांगते. माझ्या शेळ्यांना मी शिवनीच्या फांद्या घालते. त्या पाला खात्यात आन् फांद्या मी चुलीत घालते. त्या फांद्या म्हैनाभर ठिवल्या तरी धुमसत्यात. यकदा शेळ्या आजारी पडल्या, पाल्याला त्वांड लावंनात. फांद्या तशाच पानांसकट पडून ऱ्हायल्या. त्या चुलीत घातल्या तर कशा भडकल्या! आन् उचलाया पिसावानी हलक्या."

"आसं कशानं झालं म्हनं?"

"पानांनी झालं. झाड तुटलं तरी पानांना कुठं कळतंय? ती आपली खोडातलं पानी वडत बसत्यात, सुकंपातूर. आपुन पैल्याच दिशी पाला काडून टाकतो, मग खोडातलं पानी जाईल कुटनं? ते आपुन गाडीत भरतो आन् बैलांकडनं चढावर न्हेतो. आजा, आपलं गाव लाकूड न्हाई वाहत. पानी वाहतंय."

म्हातारा त्या पडलेल्या झाडांकडे बघत म्हणाला, "साठ वर्सं आव्याम्होरं बसतूय मी. धुरानं डोळं अधू झालं. आन् हे मला उमगलं न्हाई." वर गेल्यावर त्यानं चार जणांना ही गोष्ट सांगितली, पण म्हातारा भ्रमिष्ट झाला असंच लोकांनी धरलं.

बाराव्या दिवशी आभाळ भरून आलं. अवेळी ढग, थंड वारा. पाटील आणि गाडीवान दोघे खाली आले. दोघांच्याही मनात आज टोमणा नव्हता, हे खरं सांगायला हवं.

"हौसाक्का," पाटील म्हणाले, "पाऊस आला तर सगळं भिजंल, कुजंल. आजच्या आज वर न्हेऊ. दहा गाड्यांत बसलं तरी तू हरलीस आसं कुनी म्हननार न्हाई. बाराच्या दहा झाल्या, काय कमी हाय? पाच-धा झाडं तुझ्या नावानं ठिवू, बाकीचं रान जाईल."

"मीबी जास्त बोलत न्हाई, अक्का," गाडीवान म्हणाला. "बैल जुपून उभं हायती."

हौसाबाईला भीती वाटली. का नाही वाटणार? पाऊस आला तर सारं रान जाणार होतं, आणि समोर माणसं चांगुलपणानं हात पुढे करत होती. ती लाल चिंधीच्या झाडापाशी गेली. दोन्ही हातांनी तिनं ते उचललं. ते कमरेपर्यंत आलं. तिथून वर येईना. तिनं पानं चुरगाळून पाहिली. ती मऊ होती, सुकायला लागली होती, पण हिरवी होती.

"आजून खांद्याला आलं न्हाई," ती म्हणाली. "पानांचं काम सरलं न्हाई, बाबा. मी थांबते."

दोघे निघून गेले. हौसाबाई झोपड्याच्या दारात बसली आणि आभाळाकडे बघत तिनं डोळे पुसले. संध्याकाळी चार थेंब पडले, वरच्या वर सुकले, आणि वाऱ्यानं ढग पुढे नेले. पण ते जातील हे दुपारी तिला कुठं ठाऊक होतं? म्हणून तर तिचं कौतुक करायचं.

तेविसाव्या दिवशी सकाळी पानं तपकिरी झाली होती आणि हात लावला की कुरकुर वाजत होती. हौसाबाईनं चिंधीचं झाड उचललं. गुडघा, कंबर, छाती, आणि ते खांद्यावर गेलं. तिनं ते खाली ठेवलंच नाही. तशीच ती चढण चढली, पारावरून सगळ्या गावादेखत चालत गेली आणि गाडीवानाच्या दारात झाड टेकवून म्हणाली, "दादा, जुप गाड्या."

गाडीवान मुद्दाम बाराच्या बारा गाड्या घेऊन उतरला. फजिती बघायला अर्धं गाव मागून आलं. बायकांनी कोयत्यानं फांद्या छाटल्या. वाळलेली पानं जागच्या जागी झडून गेली, म्हणजे जमिनीला खतही झालं. ओंडके गाड्यांत भरायला सुरुवात झाली. गाडीवान नेहमीच्या अंदाजानं भरायचा. गाडी दबली की बस. पण आज गाडी दबेचना. गडी आणखी ओंडके टाकत गेले, गाडी शिगोशीग भरली तरी ती दबली नाही. एक गाडी भरली, दुसरी भरली. सातवी गाडी भरली आणि पट्टा मोकळा झाला. पाच गाड्या रिकाम्या उभ्या.

गाडीवान लाल झाला. "लाकूड लपीवलंय! हे एकशेवीस झाडांचं न्हाई."

"बुंधं मोज," हौसाबाई म्हणाली.

त्यानं स्वतः मोजले. पाटलांनीही मोजले. एकशेवीसच्या एकशेवीस.

मग सात गाड्या चढणीला लागल्या. पहिल्या गाडीवर स्वतः गाडीवान होता. चढणीच्या पायथ्याशी त्यानं सवयीनं आसूड उचलला. बैलांनीही सवयीनं माना खाली घातल्या आणि मार खायला कातडी थरथरवली. पण आसूड पडायच्या आतच ते चालू लागले. गुडघे टेकले नाहीत की तोंडाला फेस आला नाही. दोन्ही बैल चढण चढत वर आले, आणि माथ्यावर पोचल्यावर डाव्या बाजूच्या बैलानं कडेचं गवत खायला सुरुवात केली. या चढणीनंतर आपला बैल गवताला तोंड लावतो, हे गाडीवानानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. एरवी तो अर्धा दिवस नुसता धापा टाकत पडायचा.

गाडीवान खाली उतरला आणि बैलाशेजारी उभा राहिला.

आवा रचला, पेटवला. म्हाताऱ्या कुंभारानं जाळाकडे बघितलं आणि तो नुसतं "वा!" म्हणाला. धूर थोडाच, जाळ स्वच्छ. आवा उघडला तेव्हा मडकी लालबुंद निघाली. बोटानं वाजवलं की खणखणायची. बाजारात त्यांना अठरा पायल्या आल्या.

पुन्हा पारावर बैठक बसली. पाटलांनी सरळ हात जोडले. "हौसाक्का, रान ऱ्हाईल. खानवाल्याला आजच निरोप धाडतो." मग ते जरा अडखळले आणि गाडीवानाकडे वळले. "पर तुजं काय? दर आव्याला बाराच्या सात गाड्या झाल्या. पाच पायल्यांचं नुकसान तुला. तू नको म्हनलास तर लाकूड वर कोन आननार? गाड्या तुझ्याच हायती. तू बोल."

रान वाचलं असं वाटलं खरं, पण ते अजून या एका माणसाच्या शब्दावर लटकलं होतं.

गाडीवान उठला. त्याचा मोठा आवाज त्या दिवशी लहान झाला होता.

"पाटीलबाबा, पोळ्याच्या आदल्या दिशी मी बैलांचं खांदं लोन्यानं मळतो. खांद्यावर गाठी हायती, कुनाकुनाच्या तर जखमा हायती. दरसाल मला रडू येतं. मी त्यांना म्हनतो, लेकरांनो, लाकूड जड हाय, माजा इलाज न्हाई." त्यानं फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "लाकूड जड नव्हतं. वीस वर्सं मी ह्यांच्या मानंवर पानी लादलं. वर ते जड भरलं म्हनून तुम्ही वा वा केलीत, आन् मी मिशीला पीळ दिला. त्या पाच पायल्या पान्याच्या हायती, बाबा. त्या मला नकोत. आता अक्का सांगंल तवाच मी गाडी जुपीन."

पारावरच्या मंडळींनी माना खाली घातल्या. गाडी बघून सगळ्यांत मोठ्यानं "वा" म्हणणारे तेच होते.

त्या वर्षापासून गावाची रीत बदलली. झाड पानांसकट पाडायचं, पानं सुकेपर्यंत हात लावायचा नाही, आणि कौतुक करायचं ते चढ चढून येऊन गवत खाणाऱ्या बैलाचं.

तात्पर्य: घाम किती गळला यावरून कामाचं मोल करू नये. उगाच वाहिलेलं ओझं कुणाच्या ना कुणाच्या मानेवर असतंच.